गांज्याचा अर्ज आणि कांद्याचा भाव

ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली. शेतमालाला निश्चित भाव नाही, गांज्याला मात्र चांगला भाव मिळतो, असे कारण त्याने दिले. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा खटाटोप ठरविला व लागवड केल्यास गुन्हा नोंदवू, असे बजावले.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार अशा लागवडीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याउलट जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढांना स्वतःपुरती घरी तीन झाडे लावण्याची मुभा दिली. परदेशांतील काही हौशी मंडळी बंद खोलीत, दिव्यांच्या प्रकाशात, कंपोस्ट व गांडूळखताने जिवंत राखलेल्या मातीत हे झाड वाढवितात. मातीची ही विद्या आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. त्याची अडचण मातीत नसून बाजारात आहे.

गांज्याची वकिली आम्ही करीत नाही. त्याचा चढा भाव हा बहुतांशी बंदीतील जोखमीचा भाव आहे; सर्वांनाच परवानगी मिळाली, तर तोही घसरेल. शिवाय व्यसनाची किंमत घरातील बायकामुलेच मोजतात.

परंतु अर्ज निकालात निघाला, तरी प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. खर्च वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. कांद्याला केंद्राचा हमीभाव नाही. त्या अर्जाचे खरे उत्तर पोलिसांनी नव्हे, शेतमालाचे धोरण ठरविणाऱ्यांनी द्यावयाचे आहे.