ईदगाहवरची गळाभेट घरात का येत नाही?

ईदची नमाज झाली, खुत्बा संपला, की ईदगाहवर जे दिसते ते मला फार आवडते. ज्याचे नावही ठाऊक नाही असा माणूस आपल्याला छातीशी लावतो, 'ईद मुबारक' म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. अर्ध्या तासात एकेक जण तीस-चाळीस लोकांना कडकडून भेटतो. आणि तोच माणूस घरी आला की वीस वर्षांच्या मुलाशी नुसता हात मिळवतो. म्हाताऱ्या आईच्या पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून विचारतो, "अम्मी, गोळ्या घेतल्यास का?" झाली ईद.

ही तक्रार मी आपल्या समाजातल्या पुरुषांबद्दल करतो आहे. बायका या बाबतीत आपल्यापेक्षा शहाण्या आहेत. माहेरी आलेली बहीण दारातच गळ्यात पडते, रडते, मोकळी होते. आपण मात्र बापाच्या जनाज्याला खांदा देतानाच काय तो त्याच्या जवळ जातो.

मुलगा नऊ-दहा वर्षांचा झाला की त्याला जवळ घेणे हळूहळू बंद होते. तसे कुणी ठरवत नाही. 'आता मोठा झाला' एवढे एकच कारण पुरते. जणू मोठ्या माणसाच्या अंगाला मायेची गरजच उरत नाही!

शरीर तसे मानत नाही. आपल्या आवडत्या माणसाने जवळ घेतले की ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि जीव शांत व्हायला मदत होते. आपल्या कातडीत काही मज्जातंतू तर असे आहेत, की ते हळुवार, संथ स्पर्शालाच सर्वाधिक दाद देतात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शेल्डन कोहेन यांनी ४०४ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. त्यांना रोज संध्याकाळी फोन करून विचारले, आज कुणाशी भांडण झाले का, कुणी मिठी मारली का? असे १४ दिवस चालले. मग त्यांना चक्क सर्दीचा विषाणू दिला. ज्यांना मिठ्या अधिक मिळत होत्या, त्यांच्यात भांडणतंट्याच्या ताणामुळे वाढणारा संसर्गाचा धोका कमी दिसला आणि आजारी पडलेल्यांतही त्यांना त्रास कमी झाला. हे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. मिठी म्हणजे औषध नव्हे, हे खरे. पण ज्याला जवळ घेणारे कुणी आहे, त्याचे शरीर एकटे लढत नाही, एवढे त्यातून कळते.

त्याआधी १९५० च्या दशकात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांपुढे दोन खोट्या आया ठेवल्या होत्या. एक तारेची, दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडून मिळत असतानाही पिल्ले भुकेपुरती तिच्याकडे जात आणि बाकीचा वेळ कापडाच्या आईला बिलगून बसत. (प्रयोग निर्दयीच होता.) घरात पैसा आणून दिला की बापाचे काम संपले असे मानणाऱ्यांनी त्या तारेच्या आईचा विचार करावा.

दीनदार मंडळी म्हणतील, हे सगळे पाश्चात्त्यांचे चोचले. मग हदीस उघडून पाहा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नातू हसन (रजि.) यांचा मुका घेतला, तेव्हा समोर बसलेले अकरा बिन हाबिस म्हणाले की, मला दहा मुले आहेत, मी एकाचाही कधी मुका घेतला नाही. त्यांना उत्तर मिळाले ते असे, की जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही. लक्षात घ्या, इथे विषय जकातीचा नाही, मुलाला जवळ घेण्याचा आहे. हबशाच्या मुलुखातून कित्येक वर्षांनी परतलेल्या जाफर (रजि.) यांना प्रेषितांनी गळ्याशी धरल्याचे वर्णनही आढळते. रोजच्या भेटीत मुसाफा आणि प्रवासाहून आल्यावर मुआनका, असा सहाबांचा रिवाज होता. ईदच्या दिवशीच्या गळाभेटीवर उलेमांत मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. पण शहरात शिकायला गेलेला मुलगा सुट्टीत घरी येतो, तो प्रवासाहूनच येतो ना?

आपली मराठीही या बाबतीत कंजूष नाही. वारीत वारकरी एकमेकांच्या पाया पडतात आणि उराउरी भेटतात. संतांच्या भाषेत मिठीला 'खेव' असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे मशिदीत आहे, वारीत आहे, फक्त आपल्या बैठकीच्या खोलीत नाही.

एक मात्र सांगतो, जबरदस्ती नको. काही मुलांना अंगाला हात लावलेला आवडत नाही. पाहुण्यांच्या मांडीवर त्यांना ढकलू नये. त्यांचे अंग त्यांचे आहे.

२०२० च्या मे महिन्यातली ईद आठवते? ईदगाह बंद, नमाज घरात, गळाभेट नाही. तेव्हा सगळे हळहळले. पण त्या दिवशी घरात जी चार-पाच माणसे होती, त्यांना छातीशी धरायला कुणाची मनाई होती? मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्यांची. जोडीदार गेल्यावर त्यांच्या अंगाला हात लागतो तो रक्तदाब मोजणाऱ्याचा. सलामाला उत्तर देताना ते तुमचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवतात, सोडत नाहीत. आपण घाईत असतो, हलकेच सोडवून घेतो.