'सगळे ठीक होईल'

मुलगा दारूच्या आहारी गेला आहे, मुलगी दिवसदिवस कोणाशी बोलत नाही, तरुणाला स्त्रियांविषयी ओढच वाटत नाही. आपल्याकडे या तिन्ही दुःखांवर एकच मात्रा उगाळली जाते: 'लग्न करून टाका, सगळे ठीक होईल.' 'लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही' या म्हणीने या उपचाराची थट्टा केव्हाच केली आहे. सल्लागारांनी मात्र तिचा पूर्वार्धच तेवढा पाठ केला.

आम्ही भाषेचे अभ्यासक. या वाक्याचा कर्ता 'सगळे', म्हणजे कोणीच नाही. ज्या परक्या मुलीच्या आयुष्यावर हा प्रयोग व्हायचा, तिला त्यात जागाच नाही. प्रयोग फसला की मात्र कर्ता तत्काळ सापडतो: 'तिलाच नवऱ्याला सांभाळता आले नाही!'

याच समाजात र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना ते शास्त्राच्या आधारे सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला, डॉ. आंबेडकरांनी बाजू मांडली, तरी दंड झालाच. 'लग्न करून टाका' म्हणणाऱ्यास मात्र अक्षता टाकायला मानाने बोलावतात.

हेतू चांगला होता, ही सबब आम्हाला मान्य नाही. सल्ला देणाऱ्याने परिणामाचे उत्तरदायित्वही घ्यावे. ते पेलत नसेल, तर 'मी याविषयी काही सांगू शकत नाही' असे म्हणावे. त्या वाक्याला निदान कर्ता तरी आहे.