अंगठी हरवल्याची शिक्षा

यंदा आमच्या घरी आकाशकंदील लागला तो जरा दबकतच. धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे श्रावणात कळले, आणि अस्थिमज्जा देण्यासाठी माझे रक्त तपासले तर उत्तर आले, "अर्धेच जुळते." लहानपणी करंजीसुद्धा आम्ही अर्धी-अर्धी खाल्ली; पण हा अर्धेपणा मला फार लागला.

भाचा याच शास्त्राचा अभ्यासक. तो म्हणाला, "मामा, न जुळण्याचाही कधी उपयोग होतो." मी त्याला फराळासमोर बसवले नि शिकवणी घेतली. (मास्तराने शिष्य व्हावे, यात चिवडा बराच संपतो.)

आपल्या रक्तातल्या लिंफोसाइट पेशींपैकी शेकडा ५ ते १५ 'नैसर्गिक मारक' असतात. १९७५ मध्ये स्टॉकहोमच्या कीसलिंग, क्लाइन आणि विग्झेल यांनी त्यांना हे नाव दिले. शिकवल्यावाचून मारणाऱ्या या पेशी आपल्यालाच का खात नाहीत? तर त्यांच्या अंगावर 'किर', 'एनकेजी-टू-ए' अशा नावांचे रिसेप्टर असतात. ते म्हणजे लगामच. निरोगी पेशी 'एचएलए' नावाची खूण मिरवते. ती हाताला लागली की लगाम खेचला जातो. दुसऱ्या शिपायांना चुकवण्यासाठी कर्करोगाची पेशी पुष्कळदा ही खूणच लपवते, आणि नेमकी इथे सापडते! क्लास केरे या स्वीडिश संशोधकाने १९८१ च्या प्रबंधात हे मांडले.

मला शकुंतला आठवली. अंगठी नाही, म्हणून ओळख नाही. दुष्यंताने निदान जीव तरी घेतला नाही. मात्र नुसती खूण नसून भागत नाही, थोडी चिथावणीही लागते. तांबड्या रक्तपेशींवर ही खूण जवळजवळ नसतेच, तरी त्या सुखरूप असतात.

काही कर्करोग उलट लगामच घट्ट धरून ठेवतात. तो सोडवणाऱ्या एका औषधाची डोके-मानेच्या कर्करोगावरील मोठी चाचणी २०२२ मध्ये गुंडाळावी लागली.

"पण आमचे काय?" मी विचारले.

माझ्या मारक पेशी माझ्या खुणांवर वाढलेल्या. त्यांतली एखादी भावाच्या पेशींवर नसेल, तर तिथे त्यांचा लगाम सुटेल. २००२ मध्ये इटलीतील पेरुजाच्या वेलार्दी आणि सहकाऱ्यांना रक्ताच्या एका तीव्र कर्करोगात अशा विजोड दात्यांमुळे रोग उलटण्याचे प्रमाण कमी दिसले. इतरत्र मात्र सगळीकडे तसेच दिसले नाही. हे भाच्याने न विचारता सांगितले, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास.

त्याने आमचे कागद दोनदा वाचले. "एक खूण तुमच्याकडे आहे, धाकट्या मामाकडे नाही."

मी भावाला फोनवर हे सांगितले. चाळीस वर्षे आमचे कशातच जुळले नाही. त्याला सिनेमाची गाणी, मला नाट्यसंगीत. तो खोकत हसला. "म्हणजे दादा, भांडलो ते वाया नाही गेले!"

बाहेरचा फराळ त्याला वर्ज्य आहे. तरी चार चकल्या डब्यात ठेवायला सांगितल्या आहेत. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी मला दाखल व्हायचे आहे.