जुन्या विंडोजमध्ये अडकलेली मराठी : सी-डॅकला खुले पत्र

प्रति,
महासंचालक,
प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक), पुणे
प्रत : सी-डॅक, जुहू, मुंबई



१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट बंद केला. घरोघरी प्रश्न एवढाच होता, की जुना कॉम्प्युटर ठेवायचा की नवा घ्यायचा. आम्हा अक्षरजुळणी करणाऱ्यांच्या काळजीचे कारण वेगळे होते. ३२-बिटमध्ये मिळणारी ती शेवटची विंडोज. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येते. ६४-बिटवर नव्वदच्या दशकातले १६-बिट इन्स्टॉलर चालत नाहीत आणि सॉफ्टवेअरची नक्कल रोखण्यासाठी पोर्टात खोचायच्या जुन्या लॉकचे ड्रायव्हरही बसत नाहीत. मराठीची किमान दोन दशकांची छपाई ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली, ते नव्या मशीनवर सरळ मार्गाने चढवायची सोय आता संपत आली आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड.

मी मुलुंडला जुळणीचे आणि पाने लावण्याचे काम करते. दिवाळी अंक, स्मरणिका, शाळांची वार्षिके, कुणाचे आत्मचरित्र, कुणाच्या आईच्या कविता. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या गल्लीत ‘डीटीपी, झेरॉक्स, लग्नपत्रिका’ अशी पाटी दिसते, तिथे आत डोकावून पाहा. बहुतेक ठिकाणी दोन मशीन असतात. एक नवे : त्यावर मेल, जीएसटी, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो. दुसरे कोपऱ्यातले : त्यावर विंडोज एक्सपी नाहीतर विंडोज ७, त्यात पाने लावायचे पेजमेकर, मागे लॉक खोचलेले. त्याला नेटची वायर लावायची नाही, त्याच्या जवळपास पाण्याची बाटली ठेवायची नाही आणि नव्या मुलाने त्याला हात लावायचा नाही, असा दुकानाचा शिरस्ता असतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला ८ एप्रिल २०१४ला सोडले, विंडोज ७ला १४ जानेवारी २०२०ला. आमच्या गल्ल्यांत ती अजून रोज सकाळी सुरू होतात.

याला लोक सवय म्हणतात, चिकटपणा म्हणतात. थोडी सवय आहेच. पण खरे कारण त्या फाइलींच्या पोटात आहे, आणि ते आपल्या संस्थेपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

त्या काळच्या फॉन्टमध्ये २५६ जागा. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागेवर आपली अक्षरे, अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या, रफार बसवलेले. कॉम्प्युटरच्या लेखी ती फाइल मराठी नव्हतीच. त्याला दिसत होती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग, तिच्यावर फॉन्टचा मुखवटा चढवला की आपल्याला मराठी दिसायची. फॉन्ट काढून घ्या, उरते ती निव्वळ खिचडी. शिवाय प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा. श्री-लिपीतली फाइल आकृतीत उघडत नाही, आपल्या संस्थेच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमधला मजकूर श्री-लिपीत वाचता येत नाही, एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही जागा बदललेल्या. या सगळ्यावर पेजमेकर ७, जे २००१चे आहे आणि ज्याला युनिकोड मराठी कळत नाही. अलीकडच्या इनडिझाइनने तर पेजमेकरची फाइल उघडणेच सोडून दिले.

एखाद्या लेखकाला १९९८च्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची असेल तर आम्ही जातो त्या कोपऱ्यातल्या मशीनकडे. दुसरा मार्ग म्हणजे पुस्तक पहिल्यापासून पुन्हा टाइप करणे, पुन्हा प्रुफे काढणे, पूर्वी सुधारलेल्या चुका पुन्हा करणे.

गेल्या पावसाळ्यात घाटकोपरच्या एका ओळखीच्या दुकानातल्या अशा मशीनचा बोर्ड गेला. दिवाळी अंकाचा हंगाम तोंडावर. मालकाने नवे असेंबल्ड मशीन घेतले आणि त्यावर विंडोज ७ टाकायला सांगितले. सेटअपचा पडदा आला, पण माऊस हलेना आणि कीबोर्ड मेलेला. नव्या बोर्डावरचे सगळे पोर्ट यूएसबी ३च्या नियंत्रणाखाली असतात आणि विंडोज ७च्या डिस्कवर त्याचा ड्रायव्हरच नसतो. मेकॅनिक जुना माणूस. त्याने पिशवीतून गोल पिनांचा पीएस-टू कीबोर्ड काढून लावला. पुढच्या पडद्यावर डिस्क दिसेना, कारण ती एनव्हीएमई होती आणि मूळ विंडोज ७ला ती ओळखता येत नाही. त्याने साधी साटा डिस्क जोडली. विंडोज चढले. मग पडदा ताणलेला, पानावरची बारीक रेघ दिसेना, कारण त्या चिपच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर विंडोज ७साठी कुणी काढलेलाच नाही. तेही चालवून घेतले असते. पण लॉक होते पंचवीस पिनांचे, प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसणारे. बाजारात यूएसबीवरून तो पोर्ट करून देणारी केबल मिळते. ती प्रिंटरला चालते, लॉकला चालत नाही, कारण लॉक त्या पोर्टशी थेट बोलू पाहते आणि केबल मध्ये फक्त छपाईची भाषा जाणते. शेवटी मालक लॅमिंग्टन रोडला गेला आणि वापरलेला बोर्ड आणला, दिसायला जुना, पण मागे पंचवीस पिनांचा पोर्ट असलेला. नवे मशीन झेरॉक्सच्या टेबलावर गेले.

यापुढचे बोर्ड तर सेटअपपर्यंतही जाऊ देणार नाहीत. जुन्या बायोसची नक्कल करणारी सोय कंपन्या काढून टाकत आल्या आहेत; ती नसली की विंडोज ७ ‘स्टार्टिंग विंडोज’ लिहिलेल्या पडद्यावरच थिजते. २०१७पासून मायक्रोसॉफ्टने नव्या प्रोसेसरवरच्या विंडोज ७चे अपडेटही अडवले होते. एक्सपीची गत आणखी वाईट. ३२-बिट एक्सपीला सोळा जीबी रॅम दिली तरी त्यातली चार जीबीसुद्धा पुरती दिसत नाही.

हातातला सगळ्यांत बरा उपाय म्हणजे नव्या मशीनच्या आत आभासी मशीन चालवणे. मी स्वतः व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी ठेवला आहे, त्याला नेट दिलेले नाही, आणि तो नव्या प्रोसेसरवर पूर्वीपेक्षा झपाट्याने चालतो. ड्रायव्हरची कटकट तिथे नाही, कारण एक्सपीला समोर दिसते ते जुन्याच बांधणीचे काल्पनिक मशीन. यूएसबीचे लॉकही आत पोहोचते. पंचवीस पिनांचे पोहोचत नाही. पैसे मोजून घेतलेले, पावती असलेले सॉफ्टवेअर केवळ एका प्लॅस्टिकच्या तुकड्यापायी नव्या मशीनवर चालत नाही. ज्या कंपनीचे माझे लॉक होते तिला लिहिले तेव्हा नवी आवृत्ती विकत घ्या, असे उत्तर आले. नवी आवृत्ती जुनी पाने जशीच्या तशी उघडत नाही, हे त्यांनीच पुढे फोनवर मान्य केले.

या जुन्या मशीनमध्ये धोका आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो अपडेट न झालेल्या विंडोजच्या फटीतून. मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही तेव्हा दुरुस्ती काढावी लागली. आमच्याकडे नेट नसले तरी गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह येतातच, आणि त्याच दुकानात लोकांच्या आधारच्या झेरॉक्स होतात, सोसायटीचे सभासद-पट छापले जातात. हे मशीन बंद व्हायला हवे, असे माझेही मत आहे. फक्त त्याआधी त्याच्या पोटातले बाहेर यायला हवे.

आणि हे पत्र आपल्यालाच का? कारण या कथेची सुरुवात आपल्या घरात आहे. आयआयटी कानपूरला सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम १९८८मध्ये नव्याने स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. त्यातून कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणणारे जिस्ट कार्ड आले. इस्की हे लिप्यांच्या संकेतांचे १९९१चे भारतीय मानक ज्या कामातून उभे राहिले, त्यात आपला वाटा होता. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. अंधेरीहून हाकेच्या अंतरावर, जुहूला, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी (एनसीएसटी) ही संस्था होती. २००३मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. र. कृ. जोशींसारखा अक्षरांचा जाणकार तिथे काम करत होता. विंडोज २०००पासून घराघरांत पोहोचलेला मंगल हा फॉन्ट त्यांच्या हातचा. ज्या काळात आपण परम ८००० हा महासंगणक उभा केला त्याच काळात गल्लीतल्या छापखान्यापर्यंत मराठी पोहोचवण्याचे कामही आपण करत होता. माझ्या मते दुसरे काम पहिल्याइतकेच मोठे होते, आणि त्याचे श्रेय आपल्याला पुरेसे मिळाले नाही.

आपल्या आयएसएमबरोबर आलेले सुरेख आणि योगेश हे फॉन्ट वापरून किती मराठी छापली गेली असेल! त्या फॉन्टांचे संपूर्ण, आवृत्तीवार नकाशे, डीव्ही मालिकेतला कुठला, डीव्हीबी मालिकेतला कुठला, कोणत्या क्रमांकावर कोणता साचा, हे सगळे एका जागी, कुणालाही मोफत उतरवून घेता येईल असे ठेवा. अमुक एका कामापुरते नको, कायमचे ठेवा.

कारण रूपांतर वाटते तितके सोपे नाही. ‘आर्थिक’ हा शब्द घ्या. जुन्या फाइलीत तो दिसतो तसा साठवलेला असतो : आधी वेलांटी, मग थ, मग वरचा रफार. काही फॉन्टांत वेलांटी आणि रफार मिळून एकच साचा. युनिकोडला मात्र उच्चाराचा क्रम लागतो : आधी र्, मग थ, मग वेलांटी. मधे जोडाक्षर आले की ते कुठे संपते हे ओळखून वेलांटी नेमकी तिथे न्यावी लागते. नेटवर फुकट मिळणारी बरीच रूपांतरके हिंदीच्या गरजेपुरती लिहिलेली असतात, त्यांना ‘दऱ्या’मधला र माहीत नसतो. ती त्याचा ‘दर्या’ करून टाकतात, सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि तीनशे पानांत असे किती झाले हे प्रुफे वाचल्याशिवाय कळत नाही. आकडे, अवतरणचिन्हे, इंग्रजी शब्द यांचा घोळ वेगळाच. नकाशा अधिकृत असेल तर हे काम एकदाच नीट करता येते. नसेल तर प्रत्येक जण आपापल्या टेबलावर अंदाजाने करत बसतो, आणि आज तेच चालले आहे.

दुसरे मागणे लॉकचे. आयएसएमच्या ज्या आवृत्त्या आता विकल्या जात नाहीत, त्या लॉकशिवाय चालतील अशा करून जुन्या फाइली उघडण्यासाठी खुल्या करा. व्यापाराचे त्यात काही नुकसान दिसत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१४मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममार्फत एमएस-डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा सोर्स कोड लोकांपुढे ठेवला आणि २०२४मध्ये एमएस-डॉस ४.०चाही. एक खासगी कंपनी हे करू शकते, तर सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेला काय अडचण असावी? आपण पाऊल टाकलेत तर खासगी कंपन्यांकडेही तशीच मागणी करता येईल. आमच्यासारख्या दुकानदारांच्या पत्राला ते विचारत नाहीत, आपल्या पत्राला विचारतील.

आपण म्हणाल, युनिकोड येऊन इतकी वर्षे झाली, तुम्ही बदललात का नाही? नवे काम आम्ही युनिकोडमध्येच करतो. मुक्तासारखे देखणे, मोफत फॉन्ट मिळायला लागल्यापासून तर आनंदाने करतो. आमच्यातले काही अजून जुन्यातच नवे पुस्तक जुळवतात, ते चूकच आहे आणि मी त्यांना तसे तोंडावर सांगते. पण जे आधी जुळवून झाले त्याचे काय? ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, दोन हजार वर्षांपूर्वीचे पुरावे शोधून काढले गेले. १९९५चा मजकूर मात्र सीडीवर असून वाचता येत नाही. सरकारच्या भाषिणीसारख्या उपक्रमांत यंत्राला मराठी शिकवायची तर चांगला, संपादित, प्रुफे तपासलेला मजकूर हवा. तो आमच्या कपाटांत आहे, .p65 आणि .pmd शेपटीच्या फाइलींमध्ये. छापील प्रत स्कॅन करून तो परत मिळवता येतो खरा, पण त्यात नव्या चुका शिरतात, आणि पुष्कळ स्मरणिकांच्या, छोट्या मासिकांच्या छापील प्रतीसुद्धा आज कुठे सापडत नाहीत.

म्हणून तिसरे मागणे. जुहूच्या केंद्रात एक टेबल मांडा. त्यावर जुना पोर्ट असलेले एक मशीन, फ्लॉपी आणि सीडी वाचायची सोय, आणि जुने फॉन्ट ओळखणारा एक माणूस असावा. अशी माणसे उपनगरात आहेत, पन्नाशी-साठीची, फाइलीतली खिचडी नुसती पाहून हा फॉन्ट कुठला ते सांगणारी. दुकाने बंद होत आहेत, मुले या धंद्यात येत नाहीत. ही माणसे कामात आहेत तोवरच त्यांचे ज्ञान लिहून घेता येईल. महिन्यातून एक शनिवार ठेवलात तरी चालेल. लेखकाची, प्रकाशकाची परवानगी आणणे आमच्याकडे लागले.

तपासणीसाठी नमुने हवे असतील तर मुलुंड-घाटकोपरकडचे मी गोळा करते. अंधेरी आणि बोरिवलीतले दोघे व्यावसायिक तयार आहेत. वेगवेगळ्या आवृत्त्यांतल्या फाइली, त्यांची छापील पुस्तके आणि हाताने तपासलेला युनिकोड मजकूर असे जोडीने देऊ, म्हणजे रूपांतरक कुठे चुकतो ते लगेच ताडून पाहता येईल. कुणाला, कुठल्या दिवशी आणून द्यायचे तेवढे कळवावे.

आपली,
एक अक्षरजुळणीकार
मुलुंड (पूर्व), मुंबई