बाजेला इंग्रजीत काय म्हणतात?

मुलांनो, परवा आमच्या बावड्याच्या शाळेत घरातल्या वस्तूंची इंग्रजी नावं विचारत होतो. टेबल, फॅन, कॉट... पटापट उत्तरं आली. एक जण मात्र खाली मान घालून बसलेला. जवळ गेलो तर हळूच म्हणाला, "गुरुजी, आमच्यात कॉट नाय. बाजच हाय."

आता गंमत ऐका. कॉट हा शब्द इंग्रजांनी नेला आपल्याच देशातून! सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी सुरतेला आले. लाकडी चौकट, त्यावर विणलेली दोरी, खालून वारा लागणार, वाटलं तर उचलून अंगणात न्यावी, अशी ही खाट त्यांनी इथं पाहिली. हिंदीतल्या 'खाट'चं त्यांच्या तोंडी 'कॉट' झालं. १६३० नंतरच्या इंग्रजी लिखाणात तो सापडतो. (कॉटेजमधला कॉट वेगळा हं! तो जुना इंग्रजी, त्याचा अर्थ झोपडी.) पुढे कॉट जहाजावर चढली, तिथं ती कापडाची टांगती झाली. आज इंग्लंडमध्ये कॉट म्हणजे तान्ह्या बाळाचा कठड्याचा पलंग, अमेरिकेत घडीची खाट. आणि आपल्याकडं ती लोखंडी होऊन परत आली.

खाटेच्या मागं संस्कृत 'खट्वा' आहे. तमिळमध्ये 'कट्टिल' म्हणतात, म्हणून काही अभ्यासक खट्वेचंही मूळ दक्षिणेत शोधतात. पाणिनीच्या व्याकरणात तर 'खट्वारूढ', म्हणजे खाटेवर चढलेला, ही चक्क शिवी आहे! त्या काळी विद्यार्थ्यानं जमिनीवर झोपायचं. शिक्षण पुरं करून, गुरूंची परवानगी घेऊन मगच खाटेवर चढायचं, असं पतंजलीनं सांगितलंय. आधीच चढला तो खट्वारूढ. म्हणजे दोरीची खाटसुद्धा तेव्हा केवढी चैन! (हे वर्गात सांगितलं ही माझी चूक. आता मधल्या सुट्टीत सगळे एकमेकांना खट्वारूढ म्हणतात.)

आमचा गडी हे सगळं कान देऊन ऐकत होता.

"मग गुरुजी, आमच्या बाजेला इंग्रजीत काय म्हणायचं?"

"कॉट!"

त्यानं वहीत ठळक अक्षरात लिहिलं. लगेच पुन्हा हात वर. "आन् तिच्या काथ्याला?"

"कॉयर. तो शब्द केरळातून गेला. मल्याळममध्ये दोरीला 'कयर' म्हणतात."

तोही त्यानं लिहून घेतला.