शॅननच्या खाडीतील बुरूज

आयर्लंडच्या केरी परगण्यात, जेथे शॅनन नदी समुद्राला मिळण्यापूर्वी विस्तीर्ण खाडीचे रूप धारण करते, तेथे भरतीच्या पाण्याने वेढला जाणारा कॅरिगफॉइलचा पाच मजली बुरूजवाडा पंधराव्या शतकाच्या अखेरीस ओकॉनर घराण्याने उभारला, आणि लिमरिककडे जाणारी गलबते अडवून जकात वसूल करणे हे त्या घराण्याच्या ऐश्वर्याचे प्रमुख साधन होऊन बसले. पातळ चुनखडी दगडांचे एकावर एक रचलेले थर, कोपऱ्यातून वर चढत जाणारा चक्राकार जिना आणि मजल्यांवर धरलेल्या दगडी कमानी पाहिल्या, म्हणजे त्या अज्ञात गवंड्यांविषयी मनात निर्व्याज आदर उत्पन्न होतो. परंतु ही सारी रचना तीरकामठ्यांच्या व शिड्यांच्या युद्धासाठी होती. १५८० च्या ईस्टरच्या सुमारास, डेझमंडच्या अर्लचे बंड मोडण्यास निघालेला सर विल्यम पेलहॅम आरमारी तोफांसह येथे येऊन ठाकला, तेव्हा आत कॅप्टन जूलियन नामक इटालियन स्थापत्यविशारदाच्या हुकमतीखाली सुमारे पन्नास आयरिश व सोळा स्पॅनिश इसमांची शिबंदी होती, आणि दोन दिवसांच्या भडिमाराने पश्चिमेची भिंत कोसळल्यावर त्यांपैकी कोणासही जीवदान मिळाले नाही. ही वार्ता पोहोचताच अर्लच्या अॅस्कीटन किल्ल्याची शिबंदीही तो सोडून निघून गेली. त्या तोफांनी पाडलेले भगदाड, ज्यातून आतले मजले उघडे दिसतात, आजतागायत बुजविलेले नाही. ते कधीही बुजवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.