मॅक्सच्या वर

गाडी ऑइल खाते, ही तक्रार आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होती. सायलेन्सरमधून निळा धूर निघाला की कोपऱ्यावरचा मिस्त्री बॉनेट न उघडताच सांगायचा, "रिंगा गेल्या." रोग कळायचा, खर्च कळायचा, विषय संपायचा. माझ्या डिझेल गाडीला उलटा रोग जडलाय. ती ऑइल वाढवते. जूनमध्ये बदललेलं ऑइल पट्टीवर मॅक्सच्या खुणेला टेकलेलं होतं. नोव्हेंबरात, साडेतीन हजार किलोमीटरनंतर, ते त्या खुणेच्या चांगलं अर्धं पेर वर. मधल्या काळात मी त्यात थेंबही ओतलेला नाही. आमच्या वॉचमननेही नाही, मी विचारलं.

रविवारी सकाळी गार इंजिनाची पट्टी ओढली, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसली, परत घालून काढली. ऑइल काळंकुट्ट, पण डिझेलचं ऑइल चार दिवसांत काळं होतंच, त्याचं काही नाही. ते ज्या घाईने पट्टीवरून ओघळलं ते मात्र बघवेना. बोटांत चोळलं तर ओशटपणा आत्ता होता, आत्ता नाही. नाकाशी नेलं आणि रेशनच्या दुकानासमोरची रांग आठवली. हातात पाच लिटरचा पत्र्याचा डबा, आणि वास हाच, रॉकेलच्या चुलतभावाचा.

सर्व्हिस सेंटरमध्ये एसी होता, कॉफीचं मशीन होतं आणि टॅबलेट घेतलेला एक गोड मुलगा होता.

"नॉर्मल आहे सर. बीएस-सिक्समध्ये होतं असं."

"मग ही मॅक्सची खूण कशाला कोरलीय?"

"ती रेफरन्ससाठी असते सर."

आमच्या गवळ्याचं दूध रतिबाच्या मापापेक्षा रोज पावशेर जास्त भरायला लागलं असतं, तर आईने त्याला "नॉर्मल आहे" म्हणून सोडलं नसतं. उंबऱ्यातच उभं करून विचारलं असतं, विहीर कुठली? माझ्या गाडीची विहीर कुठली ते मी सांगतो, कारण ते त्या मुलाने सांगायला हवं होतं आणि त्याला ते शिकवलेलंच नाही. किंवा, मला जास्त शंका आहे ती ही, न सांगायला शिकवलंय.

एप्रिल २०२०पासून देशात बीएस-सिक्स आलं. आपण चारवरून पाच गाळून थेट सहावर उडी मारली. डिझेल गाडीने किलोमीटरमागे किती काजळी सोडायची, तर आधी २५ मिलिग्रॅम चालायची, ती साडेचारवर आली. उत्तम झालं. ती काजळी माझ्या नातीच्या फुप्फुसात जात होती. त्या काजळीबद्दल मला कसलाही उमाळा नाही. ही काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळी बसवली, डीपीएफ. जाळी म्हटली की तुंबणार, आणि तुंबली की साफ करावी लागणार. ती गाडी स्वतःच साफ करते, आतली काजळी जाळून. त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि शहरातल्या रांगत्या डिझेल इंजिनाच्या धुरात ती नसते. मग कॉम्प्युटर युक्ती करतो. पिस्टनचं काम संपून तो खाली निघाला की इंजेक्टर डिझेलची आणखी एक पिचकारी मारतो. हे डिझेल ताकदीसाठी नाही. ते न जळता पुढे जावं, कॅटॅलिस्टमध्ये पेटावं आणि जाळी तापवावी अशी अपेक्षा.

आता पिस्टन खाली गेलेला, म्हणजे सिलिंडरची भिंत उघडी, आणि भिंतीवर ऑइलचा हात फिरवलेला. पिचकारीतलं थोडं डिझेल त्या भिंतीवर बसतं, ऑइल धुऊन काढतं, आणि रिंगा ते खरवडून खाली चेंबरमध्ये ढकलतात. झाली विहीर. पेट्रोल असतं तर तापल्या ऑइलमधून बरंचसं उडून गेलं असतं. डिझेल साधारण १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळतं आणि ऑइल तापतं शंभराच्या आसपास. ते कुठे उडणार? ते घरजावयासारखं राहतं.

तरीही गाडी रोज हायवेला लागली तर फारसं बिघडत नाही. पंधरा-वीस मिनिटं सलग पळाली की जाळी एकदाची साफ होते आणि पुढचे काही शे किलोमीटर पिचकारी लागत नाही. माझं ऑफिस कोथरूडहून एरंडवण्यात. चार किलोमीटर, पाच सिग्नल, एक खोदलेला रस्ता, जो मी राहायला आल्यापासून खोदलेलाच आहे. गाडी काजळी जाळायला सुरुवात करते, आयडलिंग जरा चढतं, ॲव्हरेजचा आकडा कोसळतो, आणि तेवढ्यात मी पोचतो आणि बटण दाबतो. इंजिन बंद, पंखा मात्र आत कुणीतरी कोंडल्यासारखा घोंघावत राहतो. काम अर्धवट. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून. दर अर्धवट प्रयत्नागणिक चेंबरमध्ये चमचाभर डिझेल.

हिशेब करा. चेंबरमध्ये पाच लिटर ऑइल धरलं, तर त्यात पाच टक्के डिझेल म्हणजे पाव लिटर. चाळीस अंशांना डिझेलचा दाटपणा दोन ते साडेचार सेंटिस्टोक. त्याच तापमानाला माझ्या ५डब्ल्यू-३० ऑइलचा साठच्या घरात. पिठल्यात ताक नाही, पाणीच. क्रँकची बेअरिंग ज्या ऑइलच्या पडद्यावर तरंगतात तो काही मायक्रॉनचा असतो, केसाहूनही बारीक. तो फाटला की धातू धातूला लागतो आणि मिस्त्री म्हणतो, "साहेब, इंजिन खोलावं लागंल." पातळी फारच चढली तर आणखी एक तमाशा होऊ शकतो. क्रँक ऑइल घुसळू लागतो, त्याचे तुषार ब्रीदरमधून हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरतात आणि डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळू लागतं. मग चावी काढून खिशात ठेवली तरी ते थांबत नाही.

माझ्या सोसायटीमागेच टेकडी आहे. तिच्यावर एआरएआय आहे, १९६६ साली स्थापन झालेली, देशातल्या गाड्यांचा धूर जिथे मिलिग्रॅममध्ये मोजतात ती संस्था. मी सकाळी तिच्या कुंपणाजवळून फिरून येतो. तिथली माणसं नियमाने नेमून दिलेलं मोजतात, आणि नियम शेपटाकडचा आहे. मागून काय बाहेर पडतं त्याला आकडा आहे, मर्यादा आहे, पीयूसीचा कागद आहे. चेंबरमध्ये काय साठतं हे कुठल्याच खात्याचं नाही. शहराची हवा साफ ठेवायची किंमत माझ्या बेअरिंगमधून वसूल होतेय. तीही मी दिली असती. बिल तरी दाखवा! माहितीपत्रकात सनरूफला पाऊण पान आहे. डीपीएफ मॅन्युअलच्या मागच्या पानांत, मुंगीच्या अक्षरात. तिथेच "कठीण परिस्थिती"ची यादी आहे: छोटी अंतरं, सतत थांबणं-निघणं, धूळ, उष्मा. यादी वाचली तर पुण्याचं वर्णन वाटतं. अशा परिस्थितीत ऑइल लवकर बदला, असा सल्ला आहे. आणि पुढच्या कव्हरवर ठळक काय? १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. म्हणजे अख्खं शहर अपवादात ढकलायचं आणि नियमाची जाहिरात करायची.

कंपन्यांना हे माहीतच नसेल असं म्हणणारे भेटतात. जपानच्या मझदाने आपल्या डिझेल इंजिनाच्या पट्टीवर किमान-कमाल या दोन खुणांच्या वर तिसरी, फुलीची खूण कोरली. ऑइल फुलीपाशी आलं की बदला, सरळ हिशेब. माझ्या पट्टीवर दोनच खुणा, त्यातली एक "रेफरन्ससाठी".

पेट्रोलवाले इथवर वाचून मिशीत हसत असतील. नवीन टर्बो पेट्रोल असेल तर हसू आवरा. तिथेही आता इंधन थेट सिलिंडरमध्येच फवारतात, गार इंजिनात जास्त फवारतात, आणि भिंत तिथेही ओली होते. पेट्रोल उडतं खरं, पण ऑइल तापलं तर! मुलांना तीन किलोमीटरवरच्या शाळेत सोडून परत येणाऱ्या गाडीचं ऑइल तापतंच कधी? २०१८ साली चीनमध्ये होंडाच्या दीड लिटर टर्बोला नेमकं हेच झालं. उत्तरेतली कडक थंडी, छोट्या फेऱ्या, ऑइल मॅक्सच्या वर. साडेतीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावण्याची वेळ आली, आणि कंपनीचा पहिला उपाय तिथल्या सरकारी खात्याने नाकारला. तिथल्या गिऱ्हाइकाने "नॉर्मल आहे" ऐकून घेतलं नाही, एवढाच काय तो फरक.

आपण ऐकून घेतो, कारण आपलंही पितळ उघडं पडतं. मी ही गाडी का घेतली? वर्षातून दोनदा ताम्हिणी उतरून कोकणात जायला. उरलेले तीनशे साठ दिवस ती एरंडवण्याच्या सिग्नलला उभी. पंपावर डिझेल स्वस्त, ॲव्हरेज चांगलं, हा हिशेब मी शोरूममध्ये मोबाइलवर करून दाखवला होता, आणि समोरचा माणूस इतका कौतुकाने मान डोलावत होता की तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. "रोजचं रनिंग किती?" हा एक प्रश्न त्याने विचारला नाही. पूर्वी डिझेल घ्यायला आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारत. तेव्हा तो पैशाचा होता. आता इंजिनाचा आहे, तर कुणी काढतही नाही.

याच चिखलात काही गॅरेजवाल्यांनी कमळं फुलवलीत. "डीपीएफ काढून देतो, वर मॅप मारतो, कटकटच नको." जाळी आतून फोडतात, वरचा डबा तसाच जागेवर ठेवतात, पोकळ. माझ्या ओळखीच्या एका सुशिक्षित गृहस्थाने हे करून घेतलं आणि मला पेढा दिल्यासारखं सांगितलं. त्यांच्या मागच्या स्कूटरवाल्याने काय खायचं, हे मी विचारलं, तर म्हणाले, "सगळेच करतात."

मी दुसरा मार्ग धरलाय. ऑइल दर पाच हजारांना बदलतो, सात हजार दोनशे रुपये मोजून. वॉरंटीत बसत नाही; ऑइल कन्झ्युमेबल आहे सर. आणि दर रविवारी सकाळी सहाला, रस्ते रिकामे असताना, सातारा रस्त्याने खेड शिवापूरच्या अलीकडेपर्यंत जाऊन परत येतो. काम काही नाही. धूर कमी व्हावा म्हणून बसवलेली जाळी मोकळी व्हावी म्हणून डिझेल जाळत फिरतो. गेटवर वॉचमन विचारतो, "साहेब, दर रविवारी कुठं?" मी म्हणतो, "गाडीला परसाकडे नेतो."

गेल्या सर्व्हिसनंतर तिसऱ्या दिवशी फोन आला. बाई फार अदबीने बोलत होत्या. सर, समाधानी आहात का, शून्य ते दहापैकी किती गुण द्याल, नऊच्या खाली गेलं तर आमच्या मुलाचा इन्सेंटिव्ह कापतात सर.

"अकरा लिहा," मी म्हटलं.

"सर, दहाच मॅक्सिमम आहे. वर जात नाही."

"जातं हो," मी म्हटलं. "नॉर्मल आहे."